बेभरवशाचा घरचा संगणक बदलताना : नवा लॅपटॉप कसा निवडावा

घरातला संगणक काम चालू असताना आपोआप बंद पडू लागला, सुरू व्हायलाच पाच-दहा मिनिटे घेऊ लागला किंवा निळा पडदा दाखवून पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागला, की नवा लॅपटॉप घेण्याचा विचार घरात सुरू होतो. बहुतेक वेळा त्या विचाराची सुरुवात प्रोसेसर कोणता घ्यावा या प्रश्नापासून होते. मला हा क्रम चुकीचा वाटतो. आजच्या मध्यम दर्जाच्या कोणत्याही लॅपटॉपचा वेग घरगुती कामाला पुरतो. कमी पडतो तो टिकाऊपणा, दुरुस्तीची सोय आणि पाच-सहा वर्षे निर्धास्तपणे काम करता येईल याची खात्री. जुन्या यंत्रावरचा भरवसा उडाला म्हणून आपण नवे यंत्र घेत असू, तर नव्याची निवडही भरवशाच्याच कसोटीवर व्हायला हवी.

आधी जुन्या संगणकाकडे पाहा

दुकानात जाण्यापूर्वी आणि बिघाड शोधायला बसण्यापूर्वीही एक काम करावे : जुन्या संगणकावरचे फोटो, कागदपत्रे आणि इतर महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. हार्ड डिस्क मरणपंथाला लागली असेल तर तिच्या लांबलचक तपासण्या चालवल्याने ती आणखी लवकर जाऊ शकते. म्हणून आधी प्रत काढावी, मग तपासणी करावी; हा क्रम कोणत्याही कारणाने उलटू नये.

त्यानंतर बिघाडाचे मूळ शोधावे, कारण बऱ्याचदा दोष एकाच सुट्या भागात असतो. डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, फाइल उघडताना संगणक काही क्षण गोठून बसत असेल, तर संशय डिस्कवर घ्यावा. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते आणि ती ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये वाचता येते, तिथे ‘रिअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरांची, म्हणजे खराब झालेल्या किंवा संशयास्पद तुकड्यांची, संख्या वाढत चाललेली दिसली तर त्या डिस्कचा मोह सोडावा. कोणतीही सूचना न देता, विशेषतः जड काम करताना, संगणक एकदम बंद पडत असेल तर वीजपुरवठ्याचा डबा म्हणजे एसएमपीएस किंवा धुळीने गुदमरलेला पंखा याला जबाबदार असण्याची शक्यता मोठी असते. निळ्या पडद्यावर दर वेळी वेगळाच संदेश येत असेल तर रॅम म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती तपासावी. विंडोजमध्ये त्यासाठी ‘मेमरी डायग्नोस्टिक’ ही सोय आधीपासूनच असते. प्रत्येक वेळी घड्याळ मागे पडत असेल तर मदरबोर्डवरची, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डावरची, सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, आणि तेवढ्यासाठी संगणक बदलण्याची गरज नसते.

हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपांवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) बसवली आणि रॅम वाढवली की मंदावलेला संगणक ओळखू न येण्याइतका सुधारतो, हे अगदी खरे आहे. मात्र हा खर्च करावा की नाही हे संगणकाच्या वयावरून ठरते. विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, तसेच इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेचा अथवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे साधारण २०१७ च्या आधीचा संगणक दुरुस्त झाला तरी अधिकृतपणे विंडोज ११ वर जाऊ शकत नाही. अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स मिंटसारखी ऑपरेटिंग प्रणाली उत्तम चालते आणि ज्यांना ती शिकण्याची तयारी आहे त्यांनी हा मार्ग जरूर विचारात घ्यावा. परंतु घरातल्या सगळ्यांना विंडोजचीच सवय असेल तर जुन्या यंत्रावर पैसा घालण्यापेक्षा नवे घेणे शहाणपणाचे ठरते.

कामाची यादी, यंत्रांची यादी

कागदावर दोन याद्या कराव्यात. पहिली कामांची : कोण वापरणार, किती वेळ, कशासाठी. पत्रव्यवहार, बँकेचे व्यवहार, व्हिडिओ कॉल, मुलांचा अभ्यास, फोटोंची साठवण एवढेच काम असेल तर गरज माफक असते. व्हिडिओ संपादन, त्रिमितीय आरेखन किंवा खेळ असतील तर ती एकदम वाढते. दुसरी यादी जुन्या संगणकाला जोडलेल्या यंत्रांची आणि त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची असावी, आणि अनुभव असा की लोक नेमकी हीच यादी करायला विसरतात. जुना प्रिंटर किंवा स्कॅनर विंडोज ११ वर चालतो का, हे त्याच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर आधीच पाहावे. क्वालकॉमचे स्नॅपड्रॅगन प्रोसेसर असलेले लॅपटॉप बॅटरीच्या बाबतीत सरस असले तरी ते एआरएम या वेगळ्या रचनेचे असतात. नेहमीचे बरेच प्रोग्रॅम त्यांवर भाषांतराच्या थरातून चालतात. पण ड्रायव्हरांना, म्हणजे एखादे उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांना, ती सवलत नसते. त्यामुळे एखाद्या जुन्या उपकरणासाठी एआरएमचा ड्रायव्हर निघालेलाच नसेल तर ते उपकरण त्या लॅपटॉपला जोडून उपयोग होत नाही.

इथेच एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा : आपल्याला खरोखर लॅपटॉपच हवा आहे का? संगणक कायम एकाच टेबलावर राहणार असेल आणि जुना मॉनिटर, कीबोर्ड, माउस धडधाकट असतील, तर तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप किंवा मॉनिटरच्या मागे बसणारा छोटा संगणक अधिक काम देतो, आणि डेस्कटॉप असेल तर त्याचा प्रत्येक भाग वेगळा बदलता येतो. लॅपटॉपचे खरे मोल तो एका खोलीतून दुसरीकडे नेता येतो आणि वीज गेली तरी चालू राहतो यात आहे. ही दोन्ही कारणे आपल्या घरी लागू असतील तर पुढे जावे.

प्रणालीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. घरात ज्या सॉफ्टवेअरवाचून अडते ते जिथे चालते ती प्रणाली घ्यावी. ॲपलचे मॅकबुक दीर्घकाळ टिकतात, पण त्यांची रॅम नंतर वाढवता येत नाही आणि साठवणही घरच्या घरी बदलता येत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी पुरेशी घ्यावी लागते. गूगलच्या क्रोम ओएसवर चालणारे क्रोमबुक फक्त ब्राउझरमध्ये होणाऱ्या कामांना पुरते. ते घेताना त्या मॉडेलचे अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार हे अवश्य पाहावे, कारण ती मुदत खरेदीच्या दिवसापासून मोजली जात नाही आणि दुकानात पडून राहिलेल्या यंत्राची काही वर्षे आधीच खर्ची पडलेली असतात. विंडोजचा लॅपटॉप ‘फ्री डॉस’ म्हणून विकला जात असेल तर त्यात विंडोज नसते, हेही ध्यानात ठेवावे.

साठवण आणि रॅम

साठवण एसएसडीचीच असावी, आणि तीही एनव्हीएमई या अधिक वेगवान प्रकारची. सर्वांत स्वस्त लॅपटॉपांत ‘ईएमएमसी’ नावाची साठवण असते. ती मदरबोर्डवर डाखलेली, संथ आणि पुष्कळदा ६४ किंवा १२८ जीबी एवढीच असते, त्यामुळे विंडोजचे मोठे अपडेट आले की जागा अपुरी पडते. असे यंत्र घेऊ नये. ५१२ जीबी ही घरासाठी चांगली क्षमता आहे. नवीन लॅपटॉपवर ती ४७६ जीबी दिसली तर फसवणूक झाली असे समजू नये, कारण उत्पादक दहाच्या पटीत मोजतात आणि विंडोज दोनाच्या. एसएसडी लिहून-लिहून झिजते ही भीती घरगुती वापरात अनाठायी आहे. ३०० टीबी लेखनाची हमी असलेल्या एसएसडीवर रोज २० जीबी लिहिले तरी ती मर्यादा गाठायला चाळीस वर्षे लागतील. खरा धोका निराळाच आहे : हार्ड डिस्क जाण्यापूर्वी बहुधा आवाज करते, कुरकुरते, एसएसडी मात्र एखाद्या दिवशी काहीही न सांगता गप्प होऊ शकते आणि तिच्यावरून पुसलेली माहिती परत मिळवणे फार अवघड असते.

रॅम १६ जीबी घ्यावी. ८ जीबीवर आजचे काम होते, पण विंडोज, ब्राउझरच्या दहा-पंधरा खिडक्या आणि एखादा व्हिडिओ कॉल एवढ्यातच ती भरत येते, शिवाय प्रोसेसरमधला ग्राफिक्सचा भागही याच रॅममधून वाटा घेतो. आपल्याला यंत्र पुढची पाच-सहा वर्षे वापरायचे आहे, हे लक्षात घेऊन ठरवावे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की रॅम काढता येण्याजोगी आहे की डाखलेली. तांत्रिक माहितीत ‘एलपीडीडीआर’ असे लिहिले असेल तर ती जवळजवळ नेहमीच डाखलेली असते. ‘एसओ-डिम’ किंवा ‘स्लॉट’ असा उल्लेख असेल तर ती वाढवता येते आणि खराब झाली तर एकटी बदलता येते. डाखलेली रॅम खराब झाली की बहुतेकदा सगळा मदरबोर्ड बदलावा लागतो, आणि वॉरंटी संपली असेल तर तो खर्च लॅपटॉपच्या किमतीच्या जवळपास जातो.

प्रोसेसरच्या नावाचा अर्थ

प्रोसेसरच्या बाबतीत ग्राहकाची दिशाभूल सर्वाधिक होते, म्हणून इथे थोडे थांबावे. डब्यावर ‘आय५’ किंवा ‘रायझन ५’ असे ठळक लिहिलेले असते, पण तेवढ्यावरून काहीच कळत नाही. पूर्ण नाव पाहावे लागते. इंटेलच्या ‘कोअर आय५-१३३५यू’ या नावात १३ हा आकडा पिढीचा आहे आणि शेवटचा ‘यू’ हा कमी विजेवर चालणाऱ्या, थंड राहणाऱ्या प्रकाराचा. ‘एच’ म्हणजे अधिक ताकदीचा आणि अधिक तापणारा. घरगुती कामाला ‘यू’ पुरेसा असतो. त्याचा पंखा कमी फिरतो आणि बॅटरी अधिक वेळ पुरते. २०२३ च्या अखेरीस इंटेलने ‘कोअर अल्ट्रा’ हे नाव आणले, आणि २०२४ च्या सुरुवातीला ‘अल्ट्रा’ हा शब्द नसलेले ‘कोअर ५ १२०यू’सारखे प्रोसेसरही आणले, ज्यांची अंतर्गत रचना आधीच्या पिढीचीच आहे. ते वाईट नाहीत. फक्त नव्या नावासाठी नव्या रचनेची किंमत देऊ नये.

एएमडीच्या ७००० मालिकेत गुंता अधिक आहे. तिथे चार आकड्यांपैकी तिसरा आकडा रचना सांगतो. ‘रायझन ५ ७५२०यू’ हे नाव ऐकायला ७००० मालिकेचे असले तरी तिसरा आकडा २ म्हणजे त्यात झेन २ ही जुनी रचना आहे. ‘७५३०यू’मध्ये झेन ३ आहे आणि ‘७६४०यू’मध्ये झेन ४. एकाच दुकानात, एकाच फळीवर, जवळपास एकाच किमतीला हे वेगवेगळ्या वयाचे प्रोसेसर मांडलेले असू शकतात, आणि रचना ओळखण्याची खूण तो तिसरा आकडाच असतो. त्याचप्रमाणे इंटेलचा ‘एन१००’ किंवा ‘आय३-एन३०५’ यांत फक्त कमी ताकदीचे गाभे (कोअर) असतात. लिहिण्या-वाचण्याला ते पुरतात, पण घरातला मुख्य आणि एकमेव संगणक म्हणून मी त्यांची शिफारस करणार नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने लावलेल्या चिकट्यांकडे सध्या फारसे लक्ष देऊ नये. मायक्रोसॉफ्टच्या ‘कोपायलट प्लस’ या वर्गासाठी १६ जीबी रॅम, २५६ जीबी साठवण आणि सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करू शकणारा वेगळा भाग लागतो. ती सोय यंत्रासोबत आली तर चांगलेच आहे, पण तिच्यासाठी रॅम किंवा पडदा यांच्याशी तडजोड करू नये. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचेही तसेच : खेळ किंवा व्हिडिओ संपादन नसेल तर ते उष्णता, वजन आणि बिघडू शकणारा आणखी एक भाग एवढेच वाढवते.

डोळे, बोटे आणि जोडण्या

जाहिरातीत सर्वांत कमी सांगितला जाणारा आणि रोजच्या वापरात सर्वांत जास्त जाणवणारा भाग म्हणजे पडदा. १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा पडदा आजच्या काळात घेऊच नये. किमान १९२० बाय १०८० असावा, आणि १९२० बाय १२०० मिळाला तर पानाच्या वाढीव उंचीमुळे लिहिण्या-वाचण्याचे काम अधिक सोयीचे होते. पडदा आयपीएस प्रकारचा असावा, कारण स्वस्त टीएन पडद्यावर किंचित बाजूने पाहिले तरी रंग उलटेपालटे दिसतात. उजेड निट्समध्ये मोजतात : २५० निट्स बंद खोलीत कसेबसे चालतात, खिडकीजवळ बसायचे असेल तर ३०० ते ४०० हवेत. पडदा किती रंग दाखवू शकतो ते टक्क्यांत सांगतात : माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिले असेल तर रंग फिके, धुतल्यासारखे दिसणार हे समजावे. फोटो पाहण्याची आवड असलेल्या घरात ‘१०० टक्के एसआरजीबी’ शोधावा. घरात वयस्क माणसे वापरणार असतील तर १४ इंचांपेक्षा १५.६ किंवा १६ इंच बरे, आणि पडदा चकचकीत नसून मंद पृष्ठभागाचा असावा, म्हणजे त्यात दिव्याचे प्रतिबिंब पडत नाही.

कीबोर्ड दुकानात स्वतः टाइप करून पाहावा. चार ओळी लिहिल्या तरी कळ दबते कशी आणि मधला भाग लवतो का ते समजते. हिशेबाचे काम असेल तर उजवीकडे आकड्यांच्या वेगळ्या कळा आहेत का ते पाहावे. कॅमेरा ७२०पी असेल तर व्हिडिओ कॉलमध्ये चेहरा धूसर दिसतो, म्हणून १०८०पी आणि त्यावर सरकते झाकण असलेला उत्तम.

जोडण्यांच्या बाबतीत टाइप-सी या छिद्राने मोठा गोंधळ केला आहे. दिसायला सारखी असलेली दोन छिद्रे वेगवेगळी कामे करतात : एक फक्त माहिती वाहून नेते, दुसरे चार्जिंग करते आणि मॉनिटरलाही चित्र पुरवते. टाइप-सीमधून चार्ज होणारा लॅपटॉप घ्यावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण चार्जर हा हरवणारा आणि खराब होणारा भाग आहे; टाइप-सीचा ६५ वॅटचा चार्जर कोणत्याही चांगल्या कंपनीचा चालतो, तर गोल पिनेचा त्याच कंपनीचा शोधावा लागतो. जुना मॉनिटर वापरायचा असेल तर त्याच्या मागची जोडणी पाहून ठेवावी. त्याला फक्त निळ्या रंगाची व्हीजीए जोडणी असेल तर साधी केबल चालत नाही, एचडीएमआयचे व्हीजीएत रूपांतर करणारे छोटे उपकरण घ्यावे लागते. पेन ड्राइव्ह आणि प्रिंटरसाठी निदान दोन साधी यूएसबी छिद्रे असावीत. सीडी-डीव्हीडीचा भाग आता जवळजवळ कोणत्याच लॅपटॉपमध्ये नसतो, म्हणून जुन्या डिस्क असतील तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह हिशेबात धरावा.

बॅटरीची क्षमता ‘तासांत’ सांगितलेली असेल तर ती उत्पादकाच्या सोयीच्या परिस्थितीत मोजलेली असते, म्हणून वॅट-तासांचा आकडा पाहावा. ५० वॅट-तास किंवा त्याहून अधिक असेल तर ‘यू’ प्रकारच्या प्रोसेसरवर साधे काम बराच वेळ चालते. विमानात १०० वॅट-तासांच्या वरच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते, म्हणून मोठ्यातल्या मोठ्या लॅपटॉपचीही बॅटरी ९९ वॅट-तासांच्या आसपास थांबते.

भरवसा कसा ओळखावा

टिकाऊपणा माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. तो शोधून काढावा लागतो. माझ्या मते त्याची सर्वांत चांगली खूण म्हणजे दुरुस्तीची पुस्तिका. लेनोव्हो, डेल आणि एचपी आपल्या अनेक मॉडेलांच्या सर्व्हिस मॅन्युअल संकेतस्थळावर मोफत ठेवतात. खरेदीपूर्वी ती उघडून पाहावी : मागचे झाकण साध्या स्क्रूंनी निघते का, बॅटरी स्क्रूने बसवली आहे की चिकटवली आहे, पंखा वेगळा काढता येतो का, रॅमची जागा आहे का, कीबोर्ड एकटा बदलता येतो की वरच्या पूर्ण साच्यासकट. अर्ध्या तासाच्या या वाचनातून विक्रेत्याच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त कळते.

कंपन्यांच्या कार्यालयांसाठी बनवलेल्या मालिका, जसे लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड (२०२५ मध्ये डेलने या नावाऐवजी ‘डेल प्रो’ हे नाव आणले) किंवा एचपीचे एलिटबुक, त्याच किमतीच्या घरगुती मॉडेलांपेक्षा कागदावर कमी ताकदीच्या दिसतात; पण त्यांच्या बिजागऱ्या मजबूत असतात, सुटे भाग वर्षानुवर्षे मिळतात आणि बायॉसचे (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचे) अपडेट दीर्घकाळ येत राहतात. बिजागरी ही खरोखर लक्ष देण्याची जागा आहे, कारण स्वस्त लॅपटॉपमध्ये ती प्लास्टिकमध्ये रोवलेली असते आणि काही वर्षांत तो कोपरा तडकतो. दुकानात पडदा एका कोपऱ्याने धरून उघडून पाहावा. साचा पिळवटतो किंवा कुरकुरतो का ते लगेच समजते. ‘मिल-एसटीडी-८१०एच’ या लष्करी मानकाचा उल्लेख असेल तर त्यातल्या नेमक्या कोणत्या चाचण्या केल्या ते वाचावे, कारण त्या मानकात अनेक चाचण्या असतात आणि कोणत्या करायच्या हे उत्पादक स्वतः ठरवतो.

वॉरंटीचा कालावधी तर पाहावाच, पण प्रकारही पाहावा. घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी आणि यंत्र सेवाकेंद्रात नेऊन द्यावे लागणारी वॉरंटी यांत, घरातला तो एकमेव संगणक असताना, मोठा फरक पडतो. दोन मॉडेलांत निवड अडली असेल तर किंचित संथ प्रोसेसर आणि तीन वर्षांची घरपोच वॉरंटी हा पर्याय मी डोळे झाकून निवडेन. अपघाती नुकसानाचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. लहान मुले असलेल्या घरात ते घ्यावे, कारण पाणी सांडणे आणि पडदा फुटणे सामान्य वॉरंटीत बसत नाही.

पैसे कमी असतील तर नव्या पण हलक्या लॅपटॉपपेक्षा नूतनीकरण केलेला कार्यालयीन लॅपटॉप बरा, अशी माझी भूमिका आहे. मात्र त्याचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालणारा, म्हणजे इंटेलचा असेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचाच असावा, विक्रेत्याची लेखी हमी असावी, आणि बायॉसला पासवर्ड नाही ना तसेच सुरू करताना पडद्यावर एखाद्या संस्थेचे नाव येत नाही ना, याची खात्री करून घ्यावी. तसे नाव येत असेल तर ते यंत्र अजून त्या संस्थेच्या नियंत्रणात आहे.

खरेदी करताना मॉडेलचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरांसकट, लिहून घ्यावे. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये तीन प्रकारचे पडदे आणि दोन प्रकारच्या रॅम असू शकतात. समीक्षेत वाचलेला चांगला पडदा आपल्या हाती येणाऱ्या यंत्रात असेलच असे नाही.

हाती आल्यावर

परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत संपेपर्यंत डबा आणि पॅकिंग सांभाळावे आणि त्या काळात यंत्र भरपूर वापरावे. डब्यावरचा आणि लॅपटॉपच्या तळाचा अनुक्रमांक जुळतो का ते पाहून तो उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकावा. वॉरंटी कधी सुरू झाली ते तिथे दिसते, आणि ती काही महिन्यांपूर्वीच सुरू झालेली असेल तर बिल दाखवून दुरुस्त करून घ्यावी. पडद्यावर पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा रंग आणून मेलेले ठिपके शोधावेत. प्रत्येक कळ, प्रत्येक छिद्र, कॅमेरा, माइक तपासावा आणि राउटरपासून सर्वांत दूरच्या खोलीत वाय-फाय चालवून पाहावे. झाकण लावून झोपवलेला लॅपटॉप सकाळी नीट जागा होतो का, हेही पाहावे, कारण हा दोष दुकानात कधीच दिसत नाही. सोबत आलेले मुदतीचे अँटिव्हायरस काढून टाकले तरी चालते. विंडोजमधला डिफेंडर घरगुती वापराला पुरेसा आहे.

लॅपटॉप बहुतेक वेळ टेबलावर चार्जरला जोडलेलाच राहणार असेल तर उत्पादकाच्या प्रोग्रॅममध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या आणि गरम अवस्थेत सर्वांत लवकर म्हातारी होते. त्याच कारणाने लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये, कारण बहुतेकांची हवा आत घेण्याची जागा तळाला असते. लांबलचक बैठकीच्या कामासाठी लॅपटॉप उंच स्टँडवर ठेवून जुनाच कीबोर्ड आणि माउस जोडावा, म्हणजे मान वाकत नाही.

नव्या विंडोज ११ मध्ये डिस्कचे कूटलेखन (एन्क्रिप्शन) अनेकदा आपोआप सुरू होते आणि त्याची ४८ आकड्यांची किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाते. ती पहिल्याच दिवशी कागदावर उतरवून कागदपत्रांसोबत ठेवावी. मदरबोर्ड बदलला किंवा बायॉसमध्ये फेरफार झाला की लॅपटॉप ती मागू शकतो, आणि ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही तिच्यावरची माहिती कायमची बंद होते.

जुन्या संगणकातून आणताना कागदपत्रे आणि फोटो तर आणावेतच, पण ब्राउझरमधले पासवर्ड आणि खुणा, संगणकावरच साठवलेले ईमेल, हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या फायली आणि विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या किल्ल्या या गोष्टी यादी करून आणाव्यात. पुढे सर्व माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर, हा जुना नियम पाळावा. बाहेरची डिस्क आणि क्लाउड एवढ्यात तो पूर्ण होतो. प्रत काढून झाली की तिच्यातली दोन-चार फोल्डरे नव्या लॅपटॉपवर प्रत्यक्ष उघडून पाहावीत.

जुना संगणक लगेच टाकू नये. काहीतरी आणायचे राहिले हे पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत लक्षात येते. त्यानंतर त्याची डिस्क काढून यूएसबीच्या खोक्यात बसवावी. ती निरोगी असेल तर तीच प्रतींसाठी वापरता येते. खराब असेल किंवा संगणक कुणाला द्यायचा असेल तर नुसते ‘डिलीट’ करून भागत नाही : हार्ड डिस्कची सगळी जागा एकदा नव्याने लिहून भरावी, एसएसडी असेल तर तिच्या उत्पादकाच्या प्रोग्रॅममधली ‘सिक्युअर इरेज’ ही आज्ञा द्यावी, आणि जी डिस्क सुरूच होत नाही ती फोडून मगच इ-कचरा गोळा करणाऱ्यांच्या हवाली करावी.